दात्याचे वय आणि पेशींचे वय

सत्तरीच्या माणसाच्या अस्थिमज्जेतून काढलेल्या मूलपेशी विशीतल्या माणसाच्या पेशींइतक्या वाढतात का, हा प्रश्न प्रयोगशाळांत कित्येक वर्षे विचारला जातो आहे. बहुतेकांच्या मनात त्याचे उत्तर आधीच तयार असते: म्हातारपणी सगळेच उणावते, तसे हेही उणावत असणार. पुरावा तपासला तर हे उत्तर चूक ठरत नाही, अपुरे मात्र ठरते. आणि इथे अपुरे उत्तर धोक्याचे आहे, कारण कोणाच्या पेशी घ्यायच्या, कोणाला नकार द्यायचा आणि रुग्णाच्या शिरेत नेमके काय सोडायचे, हे त्या उत्तरावर ठरते. दात्याच्या वयाचा परिणाम होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो परिणाम मुख्यतः एका हिशेबातून प्रकट होतो: हव्या तेवढ्या पेशी मिळवण्यासाठी त्या किती वेळा दुप्पट कराव्या लागल्या, आणि दुप्पट होण्याची त्यांची शिल्लक किती होती. हा हिशेब न मांडता नुसती जन्मतारीख पाहणे म्हणजे विषयाच्या उंबरठ्यावरूनच परत फिरणे होय.

आधी कोणत्या पेशींबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट केले पाहिजे, कारण या विषयातला निम्मा गोंधळ तिथेच होतो. अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. रक्ताच्या कर्करोगात जे मज्जारोपण होते ते यांचे. त्यांच्या बाबतीत दात्याच्या वयाचा परिणाम मोठ्या नोंदींतून दिसलेला आहे. नात्याबाहेरच्या दात्यांकडून झालेल्या रोपणांचा अमेरिकेतला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ३० वयाच्या दात्यांकडून मज्जा मिळालेल्यांपैकी ३३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. दाता ३१ ते ४५ वयाचा असेल तर हे प्रमाण २९ टक्के आणि ४५ च्या पुढचा असेल तर २५ टक्के होते. पण या पेशी काढल्या जातात आणि जवळजवळ जशाच्या तशा रुग्णाला दिल्या जातात, आठवडेच्या आठवडे फ्लास्कमध्ये वाढवल्या जात नाहीत. इथला विषय दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या सुमारास दाखवून दिले की मज्जा प्लास्टिकच्या भांड्यात ठेवली तर मोजक्या पेशी तळाला चिकटतात, प्रत्येकीची वेगळी वसाहत बनते आणि त्यांतल्या काही पेशी प्राण्याच्या शरीरात पुन्हा हाड घडवतात. याच पेशींना पुढे मेसेन्कायमल स्टेम सेल किंवा एमएससी हे नाव मिळाले. १९९९ साली मार्क पिटेंजर आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माणसाच्या अशा पेशींपासून हाड, कूर्चा आणि चरबी या तिन्ही दिशांनी जाणाऱ्या पेशी घडवून दाखवल्या. २००६ साली आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संघटनेने त्यांची ओळख पटवण्याचे किमान निकष ठरवले. त्या निकषांत पेशीच्या वयाबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे थकलेली पेशी आणि ताजी पेशी दोघीही त्या चाळणीतून सारख्याच सुटतात.

पेशी मोजून वाढतात, अमर्याद वाढत नाहीत, हे ज्ञानही फार जुने नाही. १९१२ साली ॲलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा संवर्धनात ठेवला. तो दशकानुदशके जिवंत असल्याचे सांगितले गेले आणि त्यावरून शरीराबाहेर पेशी अमर असतात असा समज रूढ झाला. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी तो मोडला. १९६५ साली हेफ्लिक यांनी आकडे दिले. गर्भाच्या फुप्फुसातील पेशी सरासरी ४८ वेळा दुप्पट झाल्या आणि थांबल्या. प्रौढांच्या पेशी सरासरी २० वेळा. पेशीला आपण किती वेळा विभागलो याची नोंद असते, हे इथून पुढे मान्य झाले. त्या नोंदीचा एक भाग गुणसूत्रांच्या टोकांना असलेल्या टेलोमिअरमध्ये आहे, ते दर विभाजनाला आखूड होत जातात. बाकीची नोंद डीएनएवरच्या रासायनिक खुणांत, साचलेल्या इजांत आणि विभाजन रोखणाऱ्या प्रथिनांच्या वाढत्या प्रमाणात असते. मज्जेच्या एमएससीही या नियमाला अपवाद नाहीत.

आता दात्याच्या वयाचा थेट पुरावा पाहू. १९९९ साली अमेरिकेत ३ ते ७० वर्षे वयाच्या ४१ दात्यांच्या मणक्यांतील मज्जा तपासली गेली. त्यात हाडाकडे झुकणाऱ्या वसाहतींची संख्या वयाबरोबर घटलेली आढळली. २००१ साली जॉर्ज मुशलर यांच्या गटाला ही घट स्त्रियांमध्ये ठळक दिसली, पुरुषांमध्ये तशी दिसली नाही. हा तपशील पुढच्या पुष्कळ लेखनात गाळला जातो, तो गाळू नये असे मला वाटते. मात्र या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मी डेन्मार्कच्या कॅरिन स्टेंडरुप, मुस्तफा कासेम आणि सहकाऱ्यांचा मानतो. २००३ सालच्या त्यांच्या अभ्यासात १८ ते २९ वयाच्या दात्यांच्या पेशी थांबेपर्यंत सरासरी ४१ वेळा दुप्पट झाल्या, ६८ ते ८१ वयाच्या दात्यांच्या पेशी २४ वेळा. वृद्धांच्या पेशींचा वेगही कमी होता, आणि प्रत्येक दुपटीमागे वार्धक्याची खूण दाखवणाऱ्या पेशी त्यांच्यात लवकर वाढत गेल्या. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. दोन्ही गटांच्या पेशींनी भांड्यात खनिजयुक्त आधारद्रव्य तयार केले आणि प्राण्यात रोपल्यावर दोन्ही गटांच्या पेशींपासून सर्वसामान्य मानवी हाड बनले. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या पेशी आपले काम विसरलेल्या नव्हत्या. त्यांची संख्या वाढवण्याची क्षमता कमी होती. काम आणि वाढ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की विरोधी वाटणारे पुष्कळ निष्कर्ष एकमेकांशी जुळायला लागतात.

हा फरक व्यवहारात कुठे जाणवतो हे साध्या गणिताने दाखवता येते. आर्नल्ड कॅपलान यांनी मांडलेला आणि वारंवार उद्धृत होणारा एक अंदाज असा आहे: किशोरवयात मज्जेतल्या दर एक लाख पेशींमागे वसाहत करणारी एक पेशी असते, ऐंशीच्या घरात दर वीस लाखांमागे एक. हे अंदाज ढोबळ आहेत, पण हिशेबाला पुरेसे आहेत. समजा दोघांच्याही मज्जेच्या नमुन्यात दहा कोटी पेशी आल्या. किशोराकडून हजार मूळ पेशी मिळतील, वृद्धाकडून पन्नास. रुग्णासाठी दहा कोटी एमएससी हव्या असतील तर हजारांच्या दहा कोटी व्हायला साधारण १७ दुपटी लागतात, पन्नासांच्या दहा कोटी व्हायला २१. वीसपट कमतरता फक्त चार जादा दुपटींनी भरून निघते. ऐकायला हे दिलासादायक आहे. पण त्या १७ दुपटी ४१ च्या शिलकीतून खर्च होतात, आणि या २१ दुपटी २४ च्या शिलकीतून. एकाच्या पेशी अर्ध्या वाटेच्याही अलीकडे आहेत, दुसऱ्याच्या पेशी जवळपास शेवटाला टेकल्या आहेत. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे असे शेजारी ठेवण्याला मर्यादा आहेत, आणि दुपटी मोजायला कुठून सुरुवात करायची याच्या पद्धतीही एकसारख्या नाहीत. तरी दिशा चुकीची नाही. वयाचा फटका दोन बाजूंनी बसतो, सुरुवातीच्या संख्येला आणि उरलेल्या आयुष्याला. पेशी थोड्याच वाढवायच्या असतील तर तो फटका जाणवतही नाही. फार वाढवायच्या असतील तर तोच निर्णायक ठरतो.

म्हणूनच प्रयोगशाळेने पेशींवर लादलेले वय दात्याच्या वयाइतकेच, कधी त्याहून अधिक महत्त्वाचे असते. शोधनिबंधांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे वय ‘पॅसेज’ या आकड्याने सांगितले जाते. भांडे भरले की पेशी सोडवून नव्या भांड्यांत विभागायच्या, ही एक पॅसेज. हे माप फसवे आहे. पेशी दोन भांड्यांत विभागल्या तर त्या पॅसेजमध्ये एकच दुप्पट होते, बत्तीस भांड्यांत विभागल्या तर पाच. शिवाय पहिली पॅसेज होण्याआधीच एकेका मूळ पेशीची हजारभर पेशींची वसाहत झालेली असते, म्हणजे दहाएक दुपटी कोणी मोजण्याआधीच खर्च झालेल्या असतात. ब्रिटनमधील मेलिसा बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मुलांच्या आणि साठीसत्तरीतल्या माणसांच्या पेशींची तुलना करताना हाच इशारा दिला होता, की नेहमीच्या पद्धतीने केलेले माफक संवर्धनसुद्धा पेशींना झपाट्याने म्हातारे करते. त्याची किंमत रुग्ण मोजतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत, मज्जारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात त्या गंभीर विकारात एमएससी दिल्या गेल्या. २०१२ सालच्या त्यांच्या अहवालात पहिल्या-दुसऱ्या पॅसेजच्या पेशी मिळालेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के वर्षभरानंतर हयात होते, तिसऱ्या-चौथ्या पॅसेजच्या पेशी मिळालेल्यांपैकी २१ टक्के. रुग्ण मोजके होते आणि त्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झालेली नव्हती, त्यामुळे यावर सगळा डोलारा उभारता येणार नाही. तरीही दोनच पॅसेजच्या अंतराने एवढी दरी दिसावी, ही गोष्ट झटकून टाकण्यासारखी नाही. जर्मनीतील आखेनच्या वोल्फगांग वाग्नर यांच्या गटाने या दोन वयांचे नातेही उलगडले. दात्याच्या वाढत्या वयाने डीएनएवर उमटणाऱ्या मिथाइलच्या खुणा आणि दीर्घ संवर्धनाने उमटणाऱ्या खुणा काही प्रमाणात एकमेकींशी जुळतात, असे २०१० साली त्यांना आढळले. पुढे अशा निवडक खुणांवरून एखादी पेशी संवर्धनात किती पुढे गेली आहे याचा अंदाज बांधण्याची चाचणीही त्यांनी तयार केली. त्यामुळे संवर्धनातले वय मोजता येत नाही, ही सबब आता चालणार नाही.

या भूमिकेवर पहिला आक्षेप असा येतो की काही चांगल्या अभ्यासांत वयाचा परिणाम मुळी दिसतच नाही. १९९९ साली डोनाल्ड फिनी आणि सहकाऱ्यांनी १७ निरोगी दात्यांच्या पेशी वाढवल्या. वाढीच्या वेगात आणि हाडाकडे वळण्याच्या क्षमतेत दात्यादात्यांत प्रचंड तफावत होती, पण तिचा वयाशी किंवा लिंगाशी संबंध लागला नाही. एकाच माणसाची मज्जा वेगवेगळ्या वेळी काढली तरी निकाल बदलत होते. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, पण तो वयाचा परिणाम नाकारत नाही. त्या अभ्यासात वृद्ध नव्हते, दाते तरुण ते मध्यमवयीन होते, आणि वयाचा उतार तीव्र होतो तो त्यानंतर. दुसरे म्हणजे मज्जा काढण्याची पद्धतच आकड्यांत गोंधळ घालते. कमरेच्या हाडातून सुईने मज्जा ओढताना जितकी जास्त ओढावी तितके त्यात साधे रक्त मिसळत जाते. मुशलर यांनी १९९७ साली दाखवले की एकाच जागेवरून एक मिलिलिटरऐवजी चार मिलिलिटर ओढले तर हाड घडवणाऱ्या वसाहतींचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. एका हाताने निष्काळजीपणे ओढलेल्या नमुन्यात दहा-वीस वर्षांचा वयाचा फरक सहज बुडून जाऊ शकतो, किंवा नसलेला फरक उभा राहू शकतो. ज्या निबंधात किती मज्जा, कुठून आणि किती टोचण्यांत काढली हे लिहिलेले नाही, त्यातल्या वयाच्या आलेखावर मी फार भार टाकणार नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. आपण ज्याला वय म्हणतो ते खरोखर वय आहे की आजार? १९९८ साली व्हिन्सेंट क्रिस्टोफालो यांनी त्वचेच्या पेशींचा जुना सिद्धांत पुन्हा तपासला. दात्याचे वय वाढले की पेशींचे भांड्यातले आयुष्य घटते, असे त्याआधी पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. बाल्टिमोरच्या दीर्घकालीन अभ्यासातील, वैद्यकीय तपासणी झालेल्या निरोगी दात्यांच्या पेशी घेतल्यावर तो संबंध नाहीसा झाला. मज्जेच्या बाबतीत ही शंका अधिकच लागू पडते. तरुण दाते बहुधा निरोगी स्वयंसेवक असतात, त्यांच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा घेतलेली असते. वृद्धांचे नमुने बऱ्याचदा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत मिळतात. म्हणजे दुसरे हाड, दुसरी पद्धत आणि वर्षानुवर्षे झिजलेला, सुजलेला सांधा. मधुमेह, स्टिरॉइड, तंबाखू, दीर्घकाळची निष्क्रियता ही भर वेगळीच. २०१९ साली न्यूयॉर्कमधील एका गटाने दाखवले की वयाबरोबर शरीरात वाढणारी मंद जळजळ हाडाच्या मूलपेशींना निकामी करत जाते, आणि उंदरांत ती जळजळ औषधाने कमी केली तर पेशींचे काम सुधारते. म्हणजे वर्षांचा आकडा आणि त्या वर्षांत शरीराने सोसलेले यांत फरक करावाच लागतो. याचा अर्थ वय खोटे आहे असा मात्र होत नाही. मज्जा म्हणजे त्वचा नव्हे. मणक्यांच्या अभ्यासात सर्व वयांचे नमुने एकाच प्रकारच्या हाडातले होते आणि तरीही घट दिसली. निष्कर्ष एवढाच निघतो की प्रकृती चांगली असलेला सत्तरीचा दाता आणि मधुमेहाने पोखरलेला पन्नाशीचा दाता यांची तुलना केवळ वयाच्या रकान्यावरून करणे अन्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी हव्यातच कशाला? तरुण, निरोगी माणसाच्या पेशी घ्या, वाढवा, गोठवा आणि सर्वांना द्या, म्हणजे वयाचा प्रश्नच मिटला. एमएससी परक्या शरीरातही काही काळ सहन केल्या जातात, म्हणून हा मार्ग खुला आहे आणि उद्योगाने तोच धरला आहे. बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीचे स्टेमप्यूसेल हे औषध अनेक निरोगी दात्यांच्या मज्जेतील पेशी एकत्र करून तयार होते. अमेरिकेत अशा प्रकारचे पहिले औषध, मेसोब्लास्टचे रायॉन्सिल, डिसेंबर २०२४ मध्ये लहान मुलांसाठी मंजूर झाले. तेही निरोगी प्रौढ दात्यांच्या मज्जेतूनच येते. या यशाचे स्वागत करायला हवे. पण वयाचा प्रश्न त्याने मिटत नाही, तो जागा बदलतो. एका दात्यापासून हजार मात्रा काढायच्या तर एका मात्रेपेक्षा दहा दुपटी जास्त लागतात. पंचविशीतल्या माणसाच्या पेशींना प्रयोगशाळाच साठीकडे नेऊ शकते, आणि बाटलीवर मात्र दात्याचे वय पंचवीसच राहते. स्वस्त उत्पादनाचे गणित नेहमी जास्त दुपटींकडे ओढते, म्हणून नियंत्रकांचे लक्ष इथे सर्वाधिक हवे.

शेवटचा आक्षेप आशावादी आहे: म्हाताऱ्या पेशींना तरुण करता येत असेल तर एवढी चिंता का? प्रयत्न पुष्कळ झाले आहेत आणि त्यांतले काही खरोखर उल्लेखनीय आहेत. एफजीएफ-२ हा वाढीचा घटक दिला की पेशी अधिक काळ विभागत राहतात. मज्जेत प्राणवायू हवेपेक्षा बराच कमी असतो, इन्क्युबेटरमध्येही तो तसा कमी ठेवला तर वार्धक्य लांबते. वासराच्या गर्भाच्या सीरमऐवजी मानवी प्लेटलेटचा अर्क वापरला तर वेग वाढतो. उंदरांवरच्या २०११ सालच्या अमेरिकी प्रयोगात, तरुण पेशींनी विणलेल्या आधारद्रव्यावर म्हाताऱ्या पेशी वाढवल्या तेव्हा त्यांची वाढ आणि हाड घडवण्याची क्षमता बरीच सावरली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वैजयंती काळे आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली उलट दिशेने पाहिले. तरुण एमएससींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका उंदरांच्या वृद्ध रक्तमूलपेशींना ताजेपणा देतात, असे त्यांना आढळले. या कामाचा मला अभिमान वाटतो. तरी दोन गोष्टी विसरू नयेत. वेग म्हणजे तारुण्य नव्हे. लवकर दुप्पट होणारी पेशी आपली शिल्लक लवकर संपवतही असू शकते. आणि २०२१ साली स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांत दाखवले की वृद्ध हाडमूलपेशींचा दोष तरुण रक्ताच्या संपर्काने गेला नाही, तो जागेवरच, नेमके संदेश बदलून दुरुस्त करावा लागला. उंदरातला उपाय माणसाच्या फ्लास्कपर्यंत येईल तेव्हा येईल, तोवर मोजमापाची जागा आशेला देता येत नाही.

आपल्याकडे या सगळ्याला तातडीचे कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता मिळालेल्या रक्तमूलपेशी-रोपणापलीकडचा मूलपेशींचा वापर नोंदणी झालेल्या, परवानगी असलेल्या चाचणीतच व्हायला हवा. तरीही गुडघेदुखीपासून मेंदूच्या विकारांपर्यंत सर्व काही बरे करण्याची आश्वासने मिळत राहतात, आणि त्यांना बळी पडणाऱ्यांत वृद्ध पालक आणि त्यांची काळजी करणारी मुले बरीच असतात. ही पाने संशोधक आणि डॉक्टर वाचतील, तशी ही माणसेही वाचतील अशी माझी इच्छा आहे. संशोधकांना विनंती आहे की निबंधात दात्याच्या वयाशेजारी त्याचे आजार, मज्जा काढण्याची जागा आणि प्रमाण, आणि पॅसेजऐवजी एकूण दुपटी लिहाव्यात. हे सगळे प्रयोगवहीत आधीच असते, छापण्यापुरते कष्ट आहेत. आणि आईवडिलांसाठी उपचार शोधणाऱ्या वाचकाला सांगणे आहे की पैसे भरण्याआधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा, पेशी कोणाच्या आहेत ते विचारा, त्या किती वेळा दुप्पट झाल्या ते विचारा. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील तर तिथे उपचार घेऊ नका.